गाडी किती देते?

मेहुण्याने मोठी डिझेल एसयूव्ही घ्यायचे ठरवले तेव्हा त्याचा मला पहिला प्रश्न अपेक्षितच होता: "भाऊजी, तुमची गाडी ॲव्हरेज किती देते हो?" मी डॅशबोर्डचा कप्पा उघडून त्यातली वही काढली, तेव्हा तो हसू लागला. त्याला एक आकडा हवा होता आणि माझ्याजवळ तीन वर्षांच्या नोंदी होत्या. त्या नोंदींमध्ये एकाच गाडीने, एकाच चालकाच्या हातात, लिटरला 8.1 किलोमीटरही दिले आहेत आणि 16.4 किलोमीटरही. दोन्ही आकडे खरे आहेत, आणि म्हणूनच "किती देते" हा प्रश्न मला अर्धवट वाटतो.

गाडी सात आसनांची, 2.2 लिटर डिझेल इंजिनाची, ऑटोमॅटिक गिअरची. माणसे आणि सामान धरून तिचे वजन साधारण 2,400 किलो भरते. मोजण्याची माझी पद्धत जुनीच आहे. टाकी फुल करायची, पंपाचा नॉझल आपोआप बंद झाला की तिथेच थांबायचे, ट्रिप मीटर शून्यावर आणायचा, आणि पुढच्या वेळी टाकी पुन्हा फुल करताना जितके लिटर बसतील त्यांनी मधल्या किलोमीटरना भागायचे. डिझेलला फेस येतो, त्यामुळे नॉझल कधी लवकर तर कधी उशिरा बंद होतो. पन्नास लिटरच्या भरण्यात एका लिटरची चूक म्हणजे फक्त दोन टक्के, पण दहा लिटर भरून हिशेब मांडणाऱ्याला तीच चूक दहा टक्क्यांना पडते. म्हणून टाकी तीन-चतुर्थांश रिकामी झाल्याशिवाय मी नोंद करत नाही. डॅशबोर्डवरचा आकडा मी वहीत शेजारच्या रकान्यात लिहितो. माझ्या गाडीत तो बहुतेक वेळा पाच-सात टक्के चढाच असतो.

जाहिरातीतल्या आकड्यावर माझा राग नाही. युरोपात वापरल्या जाणाऱ्या डब्ल्यूएलटीपी चाचणीत गाडी प्रयोगशाळेतल्या रोलरवर 30 मिनिटांत सुमारे 23 किलोमीटर चालवली जाते, आणि त्या वेळी एसी बंद असतो. दोन गाड्यांची तुलना करायला ती चाचणी उत्तम आहे. माझ्या रोजच्या रस्त्याबद्दल मात्र ती काही सांगत नाही, आणि तसा तिचा दावाही नाही.

वजनदार गाडीचे खरे दुखणे थांबण्यात आहे. 2,400 किलोची गाडी ताशी 60 किलोमीटर वेगात आणायची तर तिच्यात सुमारे 333 किलोज्यूल ऊर्जा भरावी लागते. एका लिटर डिझेलमध्ये साधारण 36 मेगाज्यूल ऊर्जा असते आणि त्यातला एक-तृतीयांश भाग चाकांपर्यंत पोहोचला असे उदारपणे धरले, तरी एवढ्या कामाला जवळजवळ 28 मिलिलिटर डिझेल जळते. खोकल्याच्या औषधाच्या टोपणाने मोजायचे तर दोन-तीन टोपणे. पुढचा सिग्नल लाल दिसताच आपण ब्रेक दाबतो आणि ती सगळी टोपणे ब्रेकच्या चकत्या तापवण्यात संपतात. दहा किलोमीटरच्या वाटेत असे वीस वेळा झाले, तर अर्ध्या लिटरहून अधिक डिझेल केवळ थांबण्याच्या खाती जाते. उभ्या गाडीत एसी चालू ठेवल्याचा खर्च वेगळाच. मी चालवण्याच्या सवयीत एकच बदल मनापासून केला. लाल सिग्नल लांबून दिसला की लगेच पाय उचलतो आणि गाडी गिअरमध्येच रेंगाळू देतो. अशा वेळी इंजिन चाकांच्या जोरावर फिरते आणि इंधनाचा पुरवठा जवळजवळ पूर्ण बंद होतो. मागच्याने हॉर्न वाजवला तरी हरकत नाही, सिग्नलला आम्ही दोघे एकदमच पोहोचतो.

घाटाचा हिशेबही याच जातीचा आहे. समुद्रसपाटीपासून 1,000 मीटर उंच चढून जायला एवढ्या वजनाच्या गाडीला सपाट रस्त्यापेक्षा साधारण दोन लिटर डिझेल जास्त लागते. उतरताना ते सगळे परत मिळेल, अशी अनेकांची समजूत असते. इंधनाचा खर्च शून्याखाली जाऊ शकत नाही, त्यामुळे उतारावर जास्तीत जास्त तेवढ्या अंतराचा नेहमीचा खर्च वाचतो. उरलेली ऊर्जा इंजिन आणि ब्रेक खाऊन टाकतात.

मोकळ्या रस्त्यावर वजन मागे पडते आणि हवा पुढे येते. वेग दीडपट केला की हवेचा विरोध सव्वादोनपट होतो, आणि एसयूव्हीचे उंच, चौकोनी तोंड हा विरोध मुळातच भरपूर ओढवून घेते. माझ्या वहीत ताशी 80 च्या संथ प्रवासाला 16.4, शंभरला साडेतेरा आणि एकशेवीसला अकरा अशा नोंदी आहेत. छतावर कॅरियर बसवून केलेल्या एकमेव सहलीची नोंद मी लाल शाईने लिहिली आहे, कारण घरी आल्यावर रिकामा कॅरियर पुढचे तीन आठवडे छतावर तसाच राहिला आणि त्याने हवा कापण्याची फुकट मजुरी करवून घेतली.

काही नोंदींनी मला चकवले. एकदा घराजवळ पोहोचलो असताना जागेवरच इंजिनाचे फेरे नेहमीपेक्षा वर राहिले, क्षणिक खर्चाचा आकडा अकारण वाढला, आणि इंजिन बंद केल्यावरही पंखा घोंघावत राहिला. बोनेटमधून तापल्या लोखंडाचा वास येत होता. गाडी बिघडली नव्हती. एक्झॉस्टमधल्या डीपीएफ नावाच्या फिल्टरमध्ये साठलेली काजळी जाळण्यासाठी इंजिन थोडे जादा डिझेल सोडून तिथले तापमान सहाशे अंशांच्या आसपास नेते, आणि मी ते काम अर्ध्यावर तोडले होते. छोट्या छोट्या फेऱ्या मारणाऱ्याच्या गाडीत हे काम वारंवार अर्धवट राहते आणि वारंवार नव्याने सुरू होते. त्यात इंजिन तापायच्या आत मुक्काम येत असेल, तर मोठे डिझेल त्या माणसासाठी नाहीच, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसरा चकवा टायरचा होता. 265/65 आर 17 मापाचे टायर झिजल्यावर मी हौसेने 265/70 आर 17 बसवले आणि वहीतले ॲव्हरेज 12.0 वरून 11.6 वर आले. दोन महिने मी हवा, फिल्टर, पंप, सगळ्यांवर संशय घेतला. मग लक्षात आले की नव्या टायरचा व्यास सुमारे 776 मिलिमीटरऐवजी 803 आहे. चाकाच्या तेवढ्याच फेऱ्यांत गाडी जवळजवळ साडेतीन टक्के जास्त पुढे जाते, पण मीटरला त्याचा पत्ताच नसतो. जीपीएसशी ताडून पाहिले तेव्हा मीटरवरचे शंभर किलोमीटर प्रत्यक्षात एकशेतीनच्या वर निघाले. कमी झाले होते ते मोजलेले अंतर. डिझेलचा खर्च होता तेवढाच होता.

मेहुण्याला मी आणखी एक गोष्ट वहीच्या मागच्या पानावर करून दाखवली. निम्मे अंतर लिटरला 10 आणि निम्मे 16 ने कापले, तर सरासरी 13 येत नाही, 12.3 येते, कारण वाईट रस्त्यावर डिझेल जास्त जळते आणि हिशेबात त्याचेच वजन जास्त पडते. शिवाय 8 ची गाडी 10 वर आणली तर दर शंभर किलोमीटरला अडीच लिटर वाचतात; 16 ची 20 वर आणूनही सव्वाच लिटर वाचतो.

तो थोडा वेळ त्या पानाकडे पाहत राहिला. "म्हणजे भाऊजी, मी काय धरू?" त्याचा रोजचा रस्ता मला ठाऊक आहे: जाऊन-येऊन चौदा किलोमीटर, सिग्नल सोळा. मी त्याला साडेआठ धरायला सांगितले, आणि पेट्रोल हायब्रिडही एकदा चालवून बघ असे सुचवले.