तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, 'स्केट'ची वाट का बघतोय

"स्केटबोर्डवर तुम्ही आयुष्यात कधी पाय ठेवला नाही, मग 'स्केट' या व्हिडिओ गेमचा पुढचा भाग कधी येतोय याकडे एवढे डोळे लावून का बसलात?" हे मला भाच्याने विचारलंय, ऑफिसातल्या साहेबांनी विचारलंय. परवा गणपतीत आरती झाल्यावर शेजारच्या काकूंनीही प्रसाद हातावर ठेवता ठेवता विचारलं. त्या गर्दीत काय सांगणार? येत्या मंगळवारी, १६ सप्टेंबर २०२५ला, तो भाग येतोय. त्याआधी एकदा नीट सांगतो.

मी जिने काढतो. म्हणजे गेली बावीस वर्षं मी इमारतींची ड्रॉइंग काढतो, आणि त्यात जिनेही आले. आमच्या कामात जिन्याकडे कोणी फारसं लक्ष देत नाही. लिफ्टशेजारी जागा उरते तिथे तो बसवायचा. साडेसहा इंचांचा राइझर म्हणजे पायरीची उंची, दहा इंचांचा ट्रेड म्हणजे पाय ठेवायची जागा, मध्ये लँडिंग, कडेला रेलिंग. बहुतेक वेळा जुन्या ड्रॉइंगमधला उचलून नव्यात टाकला की काम झालं. मीही तेच करत होतो.

२०११मध्ये मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून एक सेकंड-हँड एक्सबॉक्स ३६० घेतला, म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळायचं यंत्र. दुकानदाराने बरोबर दोन-तीन डिस्क दिल्या. त्यात 'स्केट ३' होता. मला हवा होता क्रिकेटचा गेम, पण त्या रात्री 'स्केट ३' लावला आणि पहाटेपर्यंत उठलो नाही.

त्यात काय होतं ते सांगायचं तर आधी अंगठ्याबद्दल सांगावं लागेल. त्याआधीच्या स्केटबोर्डच्या गेममध्ये एक बटण दाबलं की माणूस उडायचा, दुसरं दाबलं की बोर्ड फिरायचा. टोनी हॉक या नामांकित स्केटबोर्डवाल्याच्या नावाने निघालेल्या गेमचं तसंच होतं. दोन मिनिटांचं घड्याळ, एकाला एक जोडलेल्या करामती आणि वर पळणारे गुण. तेही मी मनापासून खेळलोय. पण कॅनडातल्या ब्लॅक बॉक्स या स्टुडिओने २००७मध्ये पहिला 'स्केट' काढला तेव्हा त्यांनी बोर्ड उजव्या हाताच्या काडीवर आणला. गेम खेळताना दोन्ही हातांत धरायच्या कंट्रोलरवर उजवीकडे अंगठ्याने फिरवायची जी छोटी काडी असते ना, ती. ती खाली ओढायची, म्हणजे मागच्या पायाचा भार बोर्डच्या शेपटीवर आला. मग झटक्यात वर ढकलायची, की बोर्ड जमीन सोडतो. हीच ऑली. वर ढकलताना अंगठा किंचित तिरका गेला तर बोर्ड हवेत स्वतःभोवती फिरतो. अंग वळवायचं डाव्या काडीने, आणि ढकलायला डावा पाय आणि उजवा पाय यांची बटणंही वेगवेगळी. रेलिंगवरून घसरायला बटणच नाही. अंदाज बरोबर असेल तर बोर्ड रेलिंगवर बसतो, नसेल तर आपण जमिनीवर.

पहिल्या रात्री मी जमिनीवरच होतो. पोर्ट कार्व्हर्टन हे त्या गेममधलं शहर. त्याच्या विद्यापीठाच्या भागात एक जिना होता, मध्ये सरळ लोखंडी रेलिंग. गेममध्ये एक सोय आहे. हवी ती जागा खूण करून ठेवायची, आणि पडलो की क्षणात परत त्याच जागी उभं राहायचं. मी त्या जिन्याच्या वर, वीसेक पावलं मागे, खूण केली. दोनदा ढकलायचं, गुडघे वाकवायचे, काडी खाली, काडी वर. पडलो. परत. लवकर उडालो तर पहिल्या पायरीवर तोंडघशी, उशिरा उडालो तर रेलिंग पोटात. तासाभराने कधीतरी बोर्ड लोखंडावर बसला, तो खरवडल्यासारखा लांब आवाज आला, आणि मी खाली सपाट फरशीवर चारही चाकांवर उतरलो. गुण किती मिळाले ते बघितलंसुद्धा नाही.

पण त्या तासाभरात मी एकाच जिन्याकडे जितकं बघितलं तितकं नोकरीच्या आठ वर्षांत कुठल्याच जिन्याकडे बघितलं नव्हतं. वर धावायला जागा किती आहे? पायऱ्या किती? रेलिंग गोल आहे की चौकोनी, आणि शेवटच्या पायरीच्या पुढे किती येतं? खाली उतरल्यावर लगेच भिंत आहे की मोकळं अंगण? फरशीचा सांधा चाकाला अडेल का? दुसऱ्या दिवशी लोकलमधून उतरलो आणि स्टेशनचा पूल उतरताना पायऱ्या मोजल्या. ती सवय अजून गेलेली नाही.

स्केटबोर्डवाल्यांची नजर हीच असते. पहिल्या दोन भागांतल्या शहराचं नाव सॅन व्हॅनेलोना. सॅन फ्रान्सिस्को, व्हँकुव्हर आणि बार्सिलोना या तीन खऱ्या शहरांना एकत्र गुंफून ते बनवलेलं. बार्सिलोनात समकालीन कलेच्या संग्रहालयासमोर एक फरसबंद चौक आहे. तिथले सपाट कट्टे आणि पायऱ्या यांच्यासाठी जगभरातून पोरं बोर्ड घेऊन येतात. बांधणाऱ्याच्या मनात ते नसणार. टोकियो ऑलिंपिकमध्ये स्केटबोर्डिंग पहिल्यांदा आलं, तेव्हा स्ट्रीट प्रकारासाठी मैदानात काय उभं केलं? जिने, कठडे, रेलिंग. रस्त्यावरच्या वस्तूच आखाड्यात आणून मांडल्या.

मला सगळ्यात जवळची वाटते ती फिलाडेल्फियाची गोष्ट. तिथे लव्ह पार्क नावाचा ग्रॅनाइटचा चौक होता, स्केटबोर्डवाल्यांचं जगातलं एक मोठं ठिकाण. त्याची मूळ कल्पना एडमंड बेकन यांची. विद्यार्थी असताना त्यांनी ती प्रबंधात मांडली आणि पुढे अनेक वर्षं ते त्या शहराच्या नियोजनाचे प्रमुख होते. शहराने तिथे स्केटिंगवर कडक बंदी आणली, तेव्हा ऑक्टोबर २००२मध्ये ९२ वर्षांचे बेकन त्या चौकात आले, डोक्यावर हेल्मेट चढवलं आणि लोकांच्या आधाराने स्वतः बोर्डवर उभे राहिले. बंदी मोडण्यासाठी. आपल्या कल्पनेतल्या चौकात पोरं काय करतात हे बघून या माणसाला राग आला नाही, आनंद झाला. मी तो फोटो ऑफिसच्या टेबलावरच्या काचेखाली ठेवलाय. पुढे बेकन गेले, आणि २०१६मध्ये जुना चौक उकरून नव्याने बांधायला घेतला.

आता एक गोष्ट सांगतो जी मला अजून टोचते. काही वर्षांपूर्वी एका सोसायटीचं काम होतं. गेटपाशी मी एक लांब कट्टा काढला होता, दीड फूट उंच, वर कडाप्पा. बांधून झाल्यावर संध्याकाळी तिथे पोरं बसायला लागली. कमिटीचं म्हणणं आलं की कोणी बसणार नाही असं काहीतरी करा. अमेरिकेत अशा कट्ट्यांवर बोर्ड घासू नये म्हणून लोखंडी गुट्ट्या बसवतात. 'स्केट २'मध्ये त्या आहेतच, आणि फोन करून उखडून घेता येतात. आपल्याकडे दुकानापुढच्या पायरीवर खिळे ठोकतात ते त्याच जातीचं. मी खिळे नको म्हणालो, पण कट्ट्याला वरून उतार काढून दिला. बसलं की माणूस घसरतो. ड्रॉइंग माझ्याच हातचं. आजही त्या रस्त्याने गेलो की दिसतं, पोरं कट्ट्याला टेकून उभी असतात.

घरी येऊन मी पोर्ट कार्व्हर्टनला जायचो. तिथे जे जे बांधलंय ते कोणीतरी वापरावं म्हणूनच बांधलंय. म्हणून वाट बघत होतो, काकू. मला आणखी एक तसं शहर हवं होतं.

आणि ते येईना. तिसरा भाग मे २०१०चा. २०१३मध्ये ब्लॅक बॉक्स बंद पडला. गेम मात्र मेला नाही. लोकांनी त्यातल्या पडण्याचे, विचित्र उडण्याचे व्हिडिओ टाकले, लहान मुलांना तो नव्याने सापडला. 'स्केट' विकणाऱ्या ईए (इलेक्ट्रॉनिक आर्ट्स) कंपनीने इंटरनेटवर काहीही टाकलं, फुटबॉलचं असो की मोटारींचं, खाली 'स्केट ४' लिहिणारे हजर. त्यात मीही होतो, सांगायला लाज नाही. जून २०२०मध्ये, आपण सगळे घरात कोंडलेले असताना, मूळ गेम बनवणाऱ्या दोघांनी येऊन सांगितलं की पुढचा भाग करतोय. मग २०२१च्या सुरुवातीला व्हँकुव्हरमध्ये फुल सर्कल हा नवा स्टुडिओ. त्यानंतर पुन्हा चार वर्षं. आता येतोय त्याला आकडाच नाही, नाव नुसतं 'स्केट'. शहर सॅन व्हॅन्स्टरडॅम. यात बोर्डवरून उतरून इमारतींवर चढता येणार आहे, म्हणजे गच्च्याही आल्या. अंगठ्याची ती जुनी पद्धत ठेवली आहे, हे वाचलं तेव्हा जिवात जीव आला.

सगळंच गोड आहे असं नाही. गेम फुकट आहे, पैसे कमावणार ते आतल्या कपड्यांवर, बोर्डांवर. ते एक वेळ चालेल. पण खेळताना इंटरनेट सतत लागणार, आणि हे मला मान्य नाही. माझी 'स्केट ३'ची डिस्क कपाटात आहे. लाइट असला की पोर्ट कार्व्हर्टन आहे. विद्यापीठाचा तो जिना कोणी उकरू शकत नाही. सॅन व्हॅन्स्टरडॅम कंपनीच्या सर्व्हरवर असेल, आणि एखाद्या दिवशी ते बंद करायचं ठरलं तर लव्ह पार्कसारखं तेही जाईल, डिस्कभरसुद्धा मागे राहणार नाही. इतकं सुंदर शहर बांधताना त्याची एक प्रत आपल्या हातात द्यायला हवी होती. सध्या येतंय तेही अर्धवट, अर्ली ॲक्सेसमध्ये, पूर्ण व्हायचं आहे.

तरी जाणार. ज्या कॉम्प्युटरवर ड्रॉइंगसाठी ऑटोकॅड चालवतो त्यावरच जागा करून ठेवली आहे, कंट्रोलर आणलाय. भाचा मंगळवारी क्लासनंतर येणार आहे. त्याला गच्चीवरून उडी मारायची आहे. मी त्याला म्हटलं, आधी मला एक जिना शोधू दे, पाच-सहा पायऱ्यांचा, खाली मोकळी जागा असलेला.