लव्हाळा ओढू नका, खणा

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी सांगलीच्या गावभागातल्या आमच्या घरात शिरलं. ओसरलं तेव्हा परसात वीतभर गाळ. गाळाची माती कसदार म्हणून मी खूश होते. दिवाळीपर्यंत तिथं सगळा लव्हाळा, म्हणजे गवतासारखं तण, झाला. मेथीच्या वाफ्यात मेथी शोधावी लागायची.

दोन वर्षं मी तो रोज सकाळी ओढत होते. मूठभर पात हातात यायची, आठवड्यात पुन्हा तेवढीच उभी. शेवटी हरिपूरहून कामाला येणाऱ्या मावशींनी माझा हात धरला. त्यांचा जन्म हळदीचं रान भांगलण्यात, म्हणजे तण काढण्यात, गेलाय. म्हणाल्या, "ताई, वडू नगासा. वरचं तुटतंय, गाठ खाली ऱ्हाती." खुरप्यानं माती उकरून दाखवली. काळ्या गाठी, एकीला दुसरी दोऱ्यासारख्या मुळीनं जोडलेली. वरची तुटली की खालच्या निजलेल्या गाठींना कोंब येतात. म्हणजे मी तण काढत नव्हते, जागं करत होते.

त्या उन्हाळ्यात अर्धं परस मोकळं ठेवलं. पाणी बंद. एप्रिलमध्ये कुदळीनं वीतभर खणलं, ढेकळं उन्हात तापू दिली आणि गाठी वेचल्या. वाळून खडखडीत झालेली गाठ मरते. ओली गाठ खताच्या खड्ड्यात मात्र कधीच टाकायची नाही, खताबरोबर ती परत वाफ्यात येते. पावसाळ्यात जे उगवलं ते दर आठ-दहा दिवसांनी खुरप्यानं खालून काढलं. पात मोठी होऊ दिली की ती नव्या गाठी पोसते, म्हणून हे दिवस चुकवायचे नाहीत. लव्हाळ्याला सावली सोसत नाही, म्हणून उरलेल्या जागेत डांगराचा, म्हणजे लाल भोपळ्याचा, वेल सोडला.

पाचट, म्हणजे उसाचा वाळला पाला, आपल्याकडं मुबलक. चार बोटं जाड अंथरलं की दुधाणी, घोळ, केना ही तणं बरीच आटोक्यात राहतात. लव्हाळ्याची पात मात्र त्यातून सुईसारखी वर येते, तिथं पाचटावर विसंबू नका. केना उपटून ओल्या मातीवर टाकू नका, त्याच्या कांड्यांना मुळं फुटतात. घोळ आम्ही मुगाची डाळ घालून खातो, ती मी थोडी राखूनच ठेवते.

काल मेथीत लव्हाळ्याचे ११ कोंब सापडले. सगळे गाठीसकट काढले आणि पत्र्यावर वाळत घातलेत.