रेडिओग्राफरने रिसर्च करायचा तरी कधी?

एक्सरे रिपीट का होतात हे मशीनपाशी उभं राहून ते काढणाऱ्या रेडिओग्राफरपेक्षा जास्त कोणाला माहीत असणार? पोझिशन चुकली, पेशंट हलला, श्वास धरला नाही, हे आपण रोज बघतो आणि रिसर्चचा प्रश्न इथूनच तयार होतो, पण बाहेर पेशंट ताटकळलेले असतात आणि ड्युटीच्या रोस्टरमध्ये रिसर्चसाठी एक ताससुद्धा राखून ठेवलेला नसतो, मग तो प्रश्न डोक्यातच राहतो. माझ्या मते सगळ्यात मोठा अडथळा हाच आहे, इच्छा नसणं नाही.

एथिक्स कमिटीचे फॉर्म, स्टॅटिस्टिक्स वगैरे कोणी सोबत बसून शिकवलं तर जमतं. पण डेटा आपण गोळा करायचा आणि पेपरवर आपलंच नाव नाही, हे फार लागतं हो मनाला, असं झालं की माणूस पुन्हा त्या वाटेला जात नाही.

सुरुवात करायची तर रिजेक्ट अ‍ॅनालिसिस घ्या, म्हणजे कोणत्या इमेज टाकून द्याव्या लागल्या आणि का ते मोजायचं, बऱ्याच डिजिटल सिस्टीममध्ये रिजेक्ट केलेल्या इमेज कारणासकट सेव्ह असतात. नाहीतर सीटी स्कॅनचा रेडिएशन डोस बघा, डायग्नॉस्टिक रेफरन्स लेव्हल (आपला डोस जास्त तर नाही ना, हे ताडून बघायची पातळी) ही संकल्पना आयसीआरपीने, म्हणजे रेडिएशनपासून संरक्षणासाठीच्या आंतरराष्ट्रीय आयोगाने, १९९६ मध्येच मांडली, आणि सीटीडीआय, डीएलपी हे डोसचे आकडे तर आपल्या कन्सोलवरच दिसतात. रेडिएशनचं मोजमाप बघणाऱ्या मेडिकल फिजिसिस्टला सोबत घ्या, आणि डेटा गोळा करायच्या आधीच कोणाचं नाव कुठे येणार ते लिहून ठेवा.