आमची वाटचाल : मोजमाप वहीची चौसष्ट वर्षे

आमच्या कार्यालयातील लोखंडी कपाटात जाड पुठ्ठ्याची एक मोजमाप वही जपून ठेवलेली आहे. तिच्या उभ्या रकान्यांत पायाची लांबी, रुंदी आणि खोली फूट-इंचांत लिहिलेली असून प्रत्येक पानाच्या तळाशी सरकारी ओव्हरसिअरची निळ्या शाईतील सही आणि शेजारी माझ्या आजोबांची सही आहे. आमच्या बांधकाम पेढीची वाटचाल सांगायची तर तिची सुरुवात या वहीपासूनच करावी लागते.

आजोबा पुण्यातील नारायण पेठेत वाड्यांच्या डागडुजीची कामे घेत असत. नदीकाठी त्यांची चुन्याची घाणी आणि लाकडाची छोटी वखार होती. १२ जुलै १९६१ रोजी सकाळी मातीचे पानशेत धरण फुटले, त्यापाठोपाठ खडकवासल्याचे जुने दगडी धरणही कोसळले आणि मुठेचे पाणी पेठांमध्ये शिरले. ओसरलेल्या पाण्याने मागे ठेवला तो गुडघाभर गाळ, मातीत बांधलेले ढासळते वाडे आणि हजारो बेघर कुटुंबे. आजोबांची घाणी उरली नाही, वखारीतील सागाचे वासेही वाहून गेले. कुटुंब मात्र सुखरूप राहिले, आणि पुढचे सारे त्या बळावर उभे राहिले.

पुनर्वसनाचे काम तेव्हाचे मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण यांनी स. गो. बर्वे यांच्याकडे सोपवले. बर्वे हे पुणे महापालिकेचे पहिले आयुक्त होते, त्यामुळे शहराची गल्लीन्‌गल्ली त्यांना ठाऊक होती. आधी अर्धगोल पत्र्याच्या निसेन हट उभ्या राहिल्या. मग सहकारनगर, गोखलेनगर, लोकमान्यनगर अशा भागांत पूरग्रस्तांसाठी वसाहती होऊ लागल्या आणि पूरग्रस्तांच्या सहकारी गृहसंस्थांना सरकारी जमिनी देण्यात आल्या. आजोबांना पर्वतीच्या बाजूच्या अशाच एका वसाहतीत पोटकंत्राट मिळाले.

सरकारी देखरेख म्हणजे काय, ते त्यांना तिथे पहिल्या आठवड्यातच कळले. सिमेंट परमिटवर मिळे आणि प्रत्येक गोणीचा हिशेब द्यावा लागे. परंतु खरी कसोटी पायाची होती. चर खणून झाला की ओव्हरसिअर सायकलवरून येत, टेप घेऊन स्वतः चरात उतरत आणि पहारीने तळ ठोकून पाहत. एका कोपऱ्यात पहारीखाली कठीण मुरूम लागला नाही, म्हणून त्यांनी त्या चराची नोंद करण्यास साफ नकार दिला आणि आणखी फूटभर खणायला लावले. वहीत नोंद नाही म्हणजे रनिंग बिल, म्हणजे झालेल्या कामापुरते टप्प्याटप्प्याने मिळणारे पैसे, नाहीत. मजुरांचा आठवड्याचा पगार आजोबांनी आजीची पाटली गहाण ठेवून केला. त्यांना रागही आला असणार; पण पुढे माझ्या वडिलांना शिकवताना ते नेमका हाच प्रसंग सांगत. ‘‘ज्याचं घर एकदा पाण्यात गेलंय, त्याच्या नव्या घराचा पाया झाकायच्या आत कुणीतरी बघायलाच हवा,’’ असे ते म्हणत.

झाकले जाणारे काम झाकण्यापूर्वी मोजायचे, हा नियम त्या वेळेपासून आमच्या पेढीने सोडलेला नाही. वडिलांच्या काळात आम्ही बांधकामाकडून स्ट्रक्चरल तपासणी आणि दुरुस्तीकडे वळलो, माझ्या काळात गृहसंस्थांच्या पुनर्विकासाचे सल्लाकाम वाढले. आजही स्लॅब ओतण्यापूर्वी सळयांची मोजणी आणि छायाचित्रे झाल्याखेरीज आम्ही काँक्रीटची गाडी मागवत नाही. यामुळे काही कामे हातची गेली, त्याची खंत आम्हाला वाटत नाही.

मात्र देखरेखीची दुसरी बाजूही आम्ही जवळून पाहिली आहे. घरे वेळेवर उभी राहिली. त्या घरांखालची जमीन कोणाची, हा प्रश्न मात्र दशकानुदशके लोंबकळत राहिला. जमीन सरकारी आणि शर्तीची, म्हणजे सरकारच्या अटींवर दिलेली, असल्यामुळे घर विकायचे, वारसांच्या नावे करायचे किंवा पाडून नव्याने बांधायचे म्हटले की परवानगीची वारी सुरू होते. ज्या सभासदांना घरे मिळाली ते हयात नसतात, मूळ वाटपपत्र सापडत नाही, मिळकत पत्रिकेवरचे नाव आणि संस्थेच्या दप्तरातले नाव जुळत नाही. एका संस्थेची फाईल एका कार्यालयात तब्बल तीन वर्षे पडून होती आणि तेवढ्या काळात तिच्या अध्यक्षांसह चार ज्येष्ठ सभासद निवर्तले. ज्या शासनाने पायाचा इंचन्‌इंच मोजून घेतला, त्याने ही कागदपत्रेही त्याच काटेकोरपणाने आणि वेळेत पूर्ण करून द्यायला हवी होती, असे मला मनापासून वाटते. पूरग्रस्त माणसाला किल्ली मिळाली की पुनर्वसन संपले, असे धरून चालत नाही.

पाण्याचेही तसेच आहे. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला आणि अरण्येश्वर, सहकारनगर परिसरातील घरांत पाणी शिरले. मुठेच्या पुरातून उठवून ज्या भागात माणसे वसवली, तिथेच दोन पिढ्यांनंतर ओढ्याने गाठले. दुसऱ्या दिवशी आम्ही तपासणीला गेलो, तेव्हा एका आजीबाईंनी भिंतीवरची ओली रेघ दाखवून विचारले, ‘‘पानशेतची रेघ जुन्या घरात होती, ही इथली. आता कुठे जायचं?’’ त्यांना काय सांगावे, ते मला सुचले नाही. पुराचे पाणी कोठवर येऊ शकते ते दाखवणारी नदीची निळी आणि लाल पूररेषा कोठे आहे आणि जवळून जाणाऱ्या ओढ्याची रुंदी कोठे कमी झाली आहे, हे सभासदांच्या सभेत नकाशा अंथरून दाखवल्यावाचून आम्ही तेव्हापासून कोणत्याही पुनर्विकासाचा आराखडा मांडत नाही.

गेल्या वर्षी पर्वतीच्या बाजूची एक जुनी चाळवजा इमारत पुनर्विकासासाठी उतरवण्यात आली. वहीतील नोंदी आणि जुना नकाशा ताडून पाहिल्यावर ती आजोबांच्याच कामातील निघाली. जोते निघाल्यावर मी पूर्वेकडचा कोपरा यंत्राने न खणता मजुरांकडून हाताने मोकळा करून घेतला. वहीत बाकी सर्वत्र साडेतीन फूट खोली लिहिलेली आहे, त्या एका कोपऱ्यापुढे मात्र साडेचार. टेप सोडला तेव्हा साडेचार फुटांना दोन बोटे जास्तच भरली आणि तळाला पिवळसर, कठीण मुरूम होता. संस्थेचे सचिव वर काठावर उभे होते. त्यांना मी वहीचे ते पान उघडून दाखवले आणि आमच्या नव्या वहीत त्या दिवशीची पहिली नोंद केली.