मेलेला कोड काढणं हेही कामच आहे

ऐरोलीतल्या आमच्या ऑफिसात माझ्या टीमपुरता एक नियम आहे. नवीन फीचर करताना वाटेत मेलेला कोड, म्हणजे आता वापरात नसलेला पण तसाच पडून राहिलेला कोड लागला, तर तो त्याच कामात काढायचा. ‘नंतर बघू’ चालत नाही. नवीन मुलामुलींना हा जाच वाटतो, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आमचं सॉफ्टवेअर आरोग्य विम्याचा हप्ता काढतं. त्यातल्या कर मोजणाऱ्या फंक्शनमध्ये थरावर थर चढले होते. 1 जून 2015 ला सेवाकर 14 टक्के झाला. नोव्हेंबरात स्वच्छ भारत उपकर अर्धा टक्का, पुढच्या जूनमध्ये कृषी कल्याण उपकर आणखी अर्धा. मग 1 जुलै 2017 ला जीएसटी, 18 टक्के. दर वेळी कोणीतरी घाईघाईत एक ‘इफ’, म्हणजे ‘असं असेल तर तसं कर’ अशी अट, वाढवला. सुटा बघितला तर प्रत्येक बदल बरोबरच होता. पण सगळे मिळून कोणती ओळ कधी चालते, हे छातीठोकपणे सांगणारं कोणी उरलं नव्हतं. एका अटीच्या डोक्यावर ‘टेम्पररी’ अशी कॉमेंट, आणि ती लिहिणारा केव्हाच नोकरी सोडून गेलेला.

22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटी गेला, ग्रुप पॉलिसीवरचा राहिला. अजून एक ‘इफ’ टाकला असता तर दुपारपर्यंत काम उरकलं असतं. रिलीज तोंडावर होतं, वरूनही तोच आग्रह होता. मी अडून बसले. कराचे दर कोडमधून उचलून डेटाच्या टेबलात नेले: पॉलिसीचा प्रकार, कधीपासून, कधीपर्यंत, किती टक्के. जुने दर ठेवले, कारण जुन्या पावत्यांचा हिशेब लागतो. त्यांच्यासाठी लिहिलेल्या अटी मात्र सगळ्या काढल्या. दर बदलला तो दिवस आणि त्याचा आदला दिवस, अशा जोडीने टेस्ट लिहिल्या. नुसतं वाचून जे कळत नव्हतं, ते या टेस्टनी दाखवलं.

‘पडून राहिला तर बिघडतं काय?’ असं हमखास विचारलं जातं. अमेरिकेत नाइट कॅपिटल नावाची शेअर दलाली करणारी कंपनी होती. 2003 पासून वापरात नसलेला कोड त्यांनी तसाच ठेवला होता आणि त्याचा जुना फ्लॅग, म्हणजे तो चालू-बंद करणारी खूण, नव्या कामासाठी वापरला. नवा कोड आठपैकी सात सर्व्हरवर चढला, आठवा राहून गेला. 1 ऑगस्ट 2012 ला बाजार उघडला आणि त्या आठव्या सर्व्हरवर जुना कोड जागा झाला. सुमारे 45 मिनिटांत 44 कोटी डॉलरच्या वर नुकसान झालं. कंपनी पुढे दुसऱ्या कंपनीत विलीन झाली.

आता तर एआयला सांगितलं की शंभर ओळी क्षणात हातात पडतात. म्हणून रिव्ह्यूला बसले की मी आधी लाल ओळी बघते, म्हणजे काय काढलंय ते. अप्रेझलच्या फॉर्मात काय बांधलं याला रकाना आहे, काय काढलं याला नाही. यंदा टीममधल्या प्रत्येकाच्या फॉर्मात ते मी स्वतः लिहिलं, आणि पुढच्या वर्षी तसा रकानाच द्या, असं एचआरला लेखी कळवलंय.