डिसेंबरात खान्देश फिरलो, माझा अनुभव

खान्देशात आमचं कोणीच नाही, ना नातेवाईक ना ओळखीपाळखीचं, त्यामुळे जळगाव म्हणजे आजवर फक्त रेल्वेच्या खिडकीतून दिसलेलं स्टेशन. यावेळी मी आणि बायको मुद्दाम गेलो आणि तेही डिसेंबरात, कारण मे महिन्यात तिथे पारा ४५ च्या आसपास जातो, आम्हा कोकणातल्या माणसांना ते झेपणारं नाही.

मुक्काम जळगावात स्टेशनजवळ ठेवला, ते फार सोयीचं पडलं. आधी जुन्या गावात बहिणाबाईंचं घर बघितलं. १८८० चा जन्म, माहेर जवळच्याच आसोद्याचं, लिहिता-वाचता येत नव्हतं आणि घरकाम शेतकाम करता करता त्या गाणी रचत गेल्या, त्यांच्या वापरातल्या वस्तू समोर बघताना बायको तिथून हलेचना. गांधी तीर्थ हे गांधीजींवरचं संग्रहालयही बघा, त्याला अर्धा दिवस सहज लागतो.

पण मला खरा आवडला तो तापीपलीकडचा भाग. भुसावळहून फैजपूरच्या एसटीत बसलो, पूल ओलांडला की केळीच केळी. फैजपूर म्हणजे तेच जिथे १९३६ ला काँग्रेसचं खेड्यातलं पहिलं अधिवेशन भरलं. शेजारी एक मावशी होत्या, कुठले, कोणाकडे चालले सगळं विचारून झालं आणि मग म्हणाल्या, "मंग भरीत खाल्लं का नाही अजून?" नाही म्हटल्यावर त्यांनी मुलाला फोनच लावला आणि बामणोदला आम्हाला सोबत उतरवून थेट शेतात नेलं!

तिथे कपाशीच्या वाळलेल्या काड्या पेटवून त्यात वांगी टाकली होती, हिरवी, पांढऱ्या रेषांची, एकेक एवढं मोठं की हातात मावत नाही. साल पार काळी झाली की सोलायची, मग लाकडी भांड्यात हिरवी मिरची लसूण घालून मुसळाने ठेचायची, वरून तेलात शेंगदाणे, कांद्याची पात, कोथिंबीर. काड्यांचा धुरकट वास शेवटपर्यंत राहतो, गॅसवर भाजलेल्या वांग्याला तो येणारच नाही. सोबत गरम पुऱ्या आणि कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची भाकरी. आम्ही पैसे काढले तर मावशी खरोखर रागावल्या, "पाव्हन्याकडून कोनी पैसे घेतं का भो?" इतकी माया अनोळखी माणसांना कोण लावतं हो, मला तर भरून आलं.

परत येताना मुक्ताईनगरकडून आलो, चांगदेवला तापी-पूर्णेच्या संगमावरचं जुनं दगडी मंदिर नक्की बघा, गर्दी अजिबात नव्हती. अमळनेरला साने गुरुजी जिथे शिक्षक होते ती शाळा आणि तत्त्वज्ञान मंदिर ही तत्त्वज्ञानाच्या अभ्यासाची संस्था रेल्वेने जाऊन एका दिवसात होतं.

पाटणादेवीचं मंदिर राहिलं, ते चाळीसगावहून करावं लागतं आणि पावसाळ्यानंतर लगेच गेलेलं बरं असं तिथले लोक म्हणाले. भरितासाठी मात्र हिवाळ्यातच जा, चांगली वांगी तेव्हाच मिळतात.