तुम्ही विचारलंत म्हणून: अणुभट्टीत नेमकं काय नाहीसं होतं?

भौतिकशास्त्र शिकवतो म्हटलं की लग्नाच्या पंगतीतसुद्धा कुणीतरी विचारतंच, "सर, ते आइन्स्टाइनचं ई बरोबर एमसी स्क्वेअर... म्हणजे अणुभट्टीत पदार्थ नाहीसा होऊन त्याची ऊर्जा होते ना?"

ऊर्जा मिळते हे खरं. पदार्थ नाहीसा होतो, हे काही पटत नाही. मोजूनच बघा.

युरेनियम-235च्या केंद्रकाने एक न्यूट्रॉन गिळला की आत 236 कण होतात: 92 प्रोटॉन, 144 न्यूट्रॉन. मग केंद्रक फुटतं. समजा बेरियम-141 आणि क्रिप्टॉन-92 असे दोन तुकडे पडले आणि 3 न्यूट्रॉन सुटले. करा बेरीज: 236. प्रोटॉन 56 आणि 36, म्हणजे 92च. एकही कण गहाळ नाही! तरी सगळं मिळून वस्तुमान हजारात सुमारे एक भागाने कमी भरतं.

कमी झाली ती कणांच्या बांधणीत असलेली ऊर्जा. नव्या तुकड्यांत कण जास्त घट्ट बसतात. तसं बसताना एका विखंडनामागे साधारण 200 मेगाइलेक्ट्रॉनव्होल्ट (अणूच्या जगातलं ऊर्जेचं माप) ऊर्जा मोकळी होते आणि जाताना आपलं वस्तुमान बरोबर घेऊन जाते. भट्टी अशी बंद करता आली की उष्णता, किरण, काही म्हणजे काही बाहेर पडणार नाही, तर काट्यावर तसूभरही फरक दिसणार नाही.

आइन्स्टाइननेही सप्टेंबर 1905च्या त्या छोट्याशा लेखात एवढंच म्हटलं होतं: वस्तूने प्रारणातून, म्हणजे प्रकाशासारख्या किरणांतून, ऊर्जा टाकली की तिचं वस्तुमान त्या प्रमाणात घटतं. केंद्रक फोडण्याची गोष्ट त्यात नाही. हा नियम अणूपुरता नाहीच मुळी. घरचा 14.2 किलोचा गॅस सिलिंडर जळून संपला की त्या जळणाचे सगळे वायू गोळा करून, थंड करून तोलले, तर जळण्याआधीच्या गॅस आणि ऑक्सिजनपेक्षा 7 मायक्रोग्रॅमच्या आसपास कमी भरतील. असा काटा कुणाकडे नाही, म्हणून रसायनशास्त्राचं 'वस्तुमान कायम राहतं' खपून जातं. तारापूरचा 540 मेगावॅटचा एक संच दिवसभर पूर्ण क्षमतेने चालला, तरी त्या विजेचं वस्तुमान अर्धा ग्रॅमच.

आणि आपलं स्वतःचं? प्रोटॉनचं वस्तुमान ऊर्जेच्या मापात 938 मेगाइलेक्ट्रॉनव्होल्ट. प्रोटॉन ज्या छोट्या कणांचा बनतो, त्या तीन क्वार्कचं स्वतःचं मिळून जेमतेम 9. बाकी सगळी आतले क्वार्क आणि त्यांना बांधून ठेवणारे ग्लुऑन यांची धावपळ आणि ओढाताण, म्हणजे ऊर्जाच. डाएट करणाऱ्यांनी याने हुरळून जाऊ नये.

पदार्थ खरोखर नाहीसा झालेला बघायचा तर अणुभट्टीत नको, पेट स्कॅनच्या खोलीत जा. रुग्णाला फ्लोरिन-18 जोडलेली साखर टोचतात. कर्करोगाच्या गाठीतल्या पेशी ती अधाशासारखी ओढून घेतात. फ्लोरिनचं केंद्रक पॉझिट्रॉन, म्हणजे इलेक्ट्रॉनसारखाच पण धनभारित कण, टाकतं. तो मिलिमीटरभर इकडेतिकडे जाऊन शेजारच्या एका इलेक्ट्रॉनला भेटतो आणि दोघंही संपतात. उरतात ते विरुद्ध दिशांना सुटलेले, प्रत्येकी 511 किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचे दोन गॅमा किरण. दोन्ही किरण यंत्राच्या कड्यावर जवळजवळ एकाच क्षणी आदळले की त्या दोन जागा जोडणाऱ्या रेषेवर गाठ आहे, असा माग लागतो. इथेसुद्धा ऊर्जा नवीन आलेली नाही. इलेक्ट्रॉनची 511, पॉझिट्रॉनची 511, ती आधीपासून होतीच.

एका विद्यार्थिनीने यावर विचारलं होतं, "मग सर, पेशंटचा एक इलेक्ट्रॉन कमी झाला, तर तो धनभारित नाही का होणार?" फार चांगला प्रश्न. नाही होत. फ्लोरिनच्या केंद्रकात 9 प्रोटॉन. पॉझिट्रॉन टाकल्यावर त्याचा ऑक्सिजन होतो, 8 प्रोटॉनचा. म्हणजे त्याच्या भोवतीचा एक इलेक्ट्रॉन तसाही जास्तीचाच ठरतो.